दांडा कुणाच्या हाती?

पपईच्या चिकात पपेन नावाचं विकर असतं. मटण लवकर शिजावं म्हणून त्याला कच्ची पपई चोळतात, ती या विकरासाठीच. ते प्रथिनांचे तुकडे पाडतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या मिल हिल भागातल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत रॉडनी पोर्टर यांनी हे पपेन सशाच्या रक्तातल्या प्रतिपिंडांवर, म्हणजे अँटिबॉडींवर, वापरून पाहिलं. प्रत्येक प्रतिपिंडाचे तीन तुकडे झाले. ज्या परक्या पदार्थाविरुद्ध ते प्रतिपिंड तयार झालं होतं, त्याला दोन तुकडे अजूनही चिकटत होते. तिसरा त्याला चिकटेना. थंडीत ठेवल्यावर मात्र त्याचे स्फटिक जमले.

हे स्फटिक जमणंच महत्त्वाचं होतं. स्फटिक व्हायला असंख्य रेणू हुबेहूब एकसारखे असावे लागतात, आणि रक्तात तर अगणित तऱ्हांची प्रतिपिंडं मिसळलेली असतात. तरीही हा तुकडा स्फटिकात बसतो, याचा अर्थ तो सगळ्यांमध्ये जवळपास सारखाच असला पाहिजे. स्फटिक होणारा तुकडा म्हणून त्याचं नाव पडलं एफसी. पोर्टर यांना १९७२ चं नोबेल मिळालं, अमेरिकेतल्या जेराल्ड एडलमन यांच्याबरोबर विभागून. पण पुढची कित्येक वर्षं लोकांचं लक्ष राहिलं ते चिकटणाऱ्या दोन तुकड्यांवर. नेम तेच धरतात, म्हणून कौतुकही त्यांचंच.

प्रतिपिंडाचा आकार पोरांच्या बेचकीसारखा असतो. वरचे दोन फाटे लक्ष्याला पकडतात. खालचा दांडा म्हणजे पोर्टर यांचा एफसी तुकडा. बेचकी आपोआप चालत नाही, कुणीतरी दांडा धरावा लागतो. शरीरात तो धरण्यासाठी रोगप्रतिकारक पेशींच्या पृष्ठभागावर खास प्रथिनं असतात, त्यांना एफसी रिसेप्टर म्हणतात. या प्रकरणात आपल्याला जायचंय ते कर्करोगाच्या गाठीत, आणि तिथे हा दांडा नेमका कोण धरतं ते पाहायचंय. पुढचं सगळं धरणाऱ्यावर अवलंबून आहे: औषध म्हणून दिलेलं तेच प्रतिपिंड एकीकडे गाठ खातं, दुसरीकडे वाया जातं, आणि क्वचित गाठीलाच मदत करून बसतं.

रक्तात सर्वांत जास्त असणाऱ्या आयजीजी जातीच्या प्रतिपिंडांचे रिसेप्टर गॅमा नावाने ओळखले जातात. त्यांचं कुटुंब मोठं आहे. आपल्याला त्यातले दोनच नीट लक्षात ठेवायचेत. पहिला थ्री-ए, ज्याला प्रयोगशाळेत सीडी१६ असंही म्हणतात. तो नॅचरल किलर पेशींवर आणि बऱ्याच मॅक्रोफेजवर असतो. त्याने दांडे धरले की पेशीच्या आत ‘हल्ला कर’ असा संदेश जातो. नॅचरल किलर पेशी मग समोरच्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडणारी द्रव्यं सोडते, तर मॅक्रोफेज तिला गिळतं. दुसरा टू-बी. तोही दांडेच धरतो, पण त्याचा संदेश उलटा असतो: थांब. कुटुंबातले बाकीचे बहुतेक रिसेप्टर चेतवणारे आहेत, आवरणारा हा एकटा. एकाच मॅक्रोफेजच्या अंगावर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी असतात, आणि कुणाची संख्या किती यावर ती पेशी काय करणार हे ठरतं.

आता ट्रास्टुझुमॅब या औषधाकडे येऊ. हर्सेप्टिन म्हणून ते रुग्णालयांत सर्वांच्या तोंडी आहे. काही स्तनकर्करोगांच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन बेसुमार वाढलेलं असतं, आणि पेशीला सतत वाढीचा इशारा देत राहतं. हे प्रतिपिंड त्या प्रथिनाला जाऊन बसतं. अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा समजूत सरळ होती: औषध इशारा तोडतं आणि वाढ थांबते. मग त्यात दांड्याचं काम काय?

२००० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राफाएल क्लाइन्स, जेफ्री रॅव्हेच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न उंदरांना विचारला. मानवी स्तनकर्करोगाच्या पेशी उंदरांत वाढवल्या आणि हर्सेप्टिन दिलं. साध्या उंदरांत गाठींची वाढ जवळजवळ रोखली गेली. दुसऱ्या गटातल्या उंदरांत चेतवणारे एफसी रिसेप्टर जनुकीय बदलाने काढून टाकलेले होते. औषध तेच, मात्रा तीच, हर-टू तेच. तरीही तिथे औषधाचा बराचसा जोर ओसरला. तिसऱ्या गटात फक्त टू-बी, म्हणजे आवरणारा रिसेप्टर, काढलेला होता. तिथे औषध साध्या उंदरांपेक्षाही जास्त चाललं. इतका स्वच्छ प्रयोग क्वचितच पाहायला मिळतो. गाठीला कुणी हातही लावलेला नव्हता, बदललं होतं ते फक्त दांडा धरणाऱ्या पेशींचं अंग.

उंदरांत जे स्वच्छ दिसतं ते माणसांत तसं दिसेलच असं नाही, आणि इथे तर गोंधळ बराच झाला. थ्री-ए रिसेप्टरच्या साखळीत १५८ व्या जागी काही लोकांमध्ये व्हॅलिन हे अमिनो आम्ल असतं, तर काहींमध्ये फेनिलअ‍ॅलनिन. व्हॅलिनवाला रिसेप्टर दांडा अधिक घट्ट धरतो. आईकडून आणि वडिलांकडून एकेक प्रत मिळते, त्यामुळे माणसं तीन तऱ्हांची: दोन्ही व्हॅलिन, दोन्ही फेनिलअ‍ॅलनिन, किंवा एकेक. २००२ मध्ये फ्रान्समध्ये गिओम कार्त्रों यांच्या गटाने लिम्फोमाच्या ४९ रुग्णांना रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड देऊन ही तपासणी केली. दोन्ही प्रती व्हॅलिनच्या असलेल्या सर्वांना सुरुवातीला औषध लागू पडलं. बाकीच्यांत ते प्रमाण दोनतृतीयांशाच्या आसपास होतं. माणसाच्या शरीरातही दांडा खरोखर वापरला जातो, याचा हा पहिला ठळक पुरावा.

पण लिम्फोमा हा लसिका पेशींचा आजार आहे. स्तनातली, आतड्यातली किंवा जिभेवरची गाठ ही निराळी दुनिया. हर्सेप्टिन घेणाऱ्या रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासात २००८ मध्ये व्हॅलिनचा फायदा दिसला. २०१२ मध्ये बाराशेहून अधिक रुग्णांच्या नमुन्यांवर तोच प्रश्न विचारला, तर संबंध काहीच निघेना. २०१७ मध्ये आणखी एका मोठ्या चाचणीच्या नमुन्यांत तो पुन्हा डोकावला. अशा वेळी ‘विज्ञानाचं काही खरं नाही’ म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. मला वाटतं, सगळे जण एकाच रिसेप्टरकडे टक लावून बसले होते, आणि तो ज्या पेशीवर बसतो ती गाठीत आहे का, एवढं पाहायचं राहून गेलं होतं.

औषध कंपन्यांनी तर दांडाच सुधारायला घेतला. मार्गेटुक्सिमॅब हे त्याचं फळ. फाटे हर्सेप्टिनसारखेच, पण दांड्यातली पाच अमिनो आम्लं बदललेली, जेणेकरून तो थ्री-एला घट्ट बसावा आणि टू-बीला कमी. आधी हर-टूविरोधी उपचार घेऊन झालेल्या ५३६ रुग्णांवर त्याची थेट हर्सेप्टिनशी तुलना झाली. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ ४.९ महिन्यांवरून ५.८ महिन्यांवर गेला. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. एकूण आयुष्यमान मात्र शेवटी दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखंच भरलं. दोन्ही प्रती फेनिलअ‍ॅलनिनच्या असलेल्यांना नव्या दांड्याचा फायदा झाल्यासारखा दिसला, तर दोन्ही व्हॅलिनच्या असलेल्या छोट्या गटात उलट हर्सेप्टिनच सरस ठरल्यासारखं दिसलं. वीस वर्षांच्या कारागिरीच्या मानाने हे पदरात पडलेलं माप लहानच म्हणायचं.

ते लहान का, हे समजायला गाठीच्या आत डोकवावं लागतं. ज्यांच्यासाठी तो दांडा घडवला त्या नॅचरल किलर पेशी टणक गाठींत सहसा फार थोड्या असतात. ज्या असतात त्यांच्यातही एक खोड आहे: चेतवल्या गेल्या की त्यांच्याच अंगावरचं एडीएएम१७ नावाचं विकर सीडी१६ कापून टाकतं. म्हणजे दांडा धरायचा हातच गळून पडतो. गर्दी असते ती मॅक्रोफेजची. काही गाठींत तर ती पेशींचा मोठा हिस्सा व्यापतात. आणि ही मॅक्रोफेज आपल्या बाजूची असतीलच असं नाही. वाढत्या गाठीला रक्तपुरवठा पुरत नाही, त्यामुळे तिच्या आतल्या भागात प्राणवायूची टंचाई असते. ब्रिटनमधल्या साउथॅम्प्टनच्या गटाने २०२२ मध्ये दाखवलं की अशा टंचाईत मॅक्रोफेज आपल्या अंगावर टू-बी वाढवतात. हल्ल्याची सगळ्यात जास्त गरज असते तिथेच ‘थांब’ म्हणणारा रिसेप्टर वरचढ होतो. मॅक्रोफेजला हे कुणी मुद्दाम शिकवलेलं नसतं. प्राणवायू कमी पडला की पेशी जे करते तेच ती इथेही करते.

दांडा नको असतानाही कुणीतरी तो धरतंच, हा या विषयातला सगळ्यात मजेशीर भाग. निव्होलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही पीडी-१ वर बसणारी औषधं गेल्या दहा वर्षांत घराघरांत पोचली. पीडी-१ हा टी पेशींवरचा लगाम. प्रतिपिंडाने तो झाकला की टी पेशी मोकळी होऊन कर्करोगाच्या पेशीवर तुटून पडते. इथे लक्ष्य म्हणजे आपलीच लढाऊ पेशी. तिच्यावर बसलेल्या प्रतिपिंडाचा दांडा कुणा नॅचरल किलर पेशीने धरला तर मारली जाईल ती आपलीच टी पेशी. म्हणून ही औषधं आयजीजी-४ या जातीची बनवली, कारण तिचा दांडा रिसेप्टरना फारसा भुलवत नाही. अ‍ॅटिझोलिझुमॅब हे त्यांच्या नात्यातलं औषध, ते पीडी-एल१ वर बसतं. तिथे दांड्यावरची साखरेची साखळीच उडवून टाकलेली आहे, कारण ती साखळी नसली की रिसेप्टरची पकड बसत नाही.

२०१७ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या शॉन अर्लॉकस, राल्फ वाइसलेडर, मिकाएल पिटे आणि सहकाऱ्यांनी पीडी-१ वर बसणारं औषध गाठीत शिरल्यावर काय करतं ते प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलं. उंदराच्या पाठीच्या कातडीत काचेची छोटी खिडकी बसवली. तिच्याखाली आतड्याच्या कर्करोगाची गाठ वाढवली. पीडी-१ विरुद्धच्या प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडला, टी पेशींना आणि मॅक्रोफेजना वेगवेगळे रंग दिले, आणि जिवंत उंदराला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. औषध शिरेतून दिल्यावर ते ठरल्याप्रमाणे टी पेशींवर जाऊन बसलेलं दिसलं. मग शेजारचं एक मॅक्रोफेज सरकत आलं, टी पेशीला खेटलं, आणि काही मिनिटांत तो चमकणारा रंग टी पेशीवरून मॅक्रोफेजच्या पोटात गेला. टी पेशी जिवंत होती, जागच्या जागी होती, पण तिच्यावरचं औषध गेलेलं होतं. स्वतः मॅक्रोफेजवर पीडी-१ नव्हतं. त्याने ओढलं ते दांडा धरून.

मग संशोधकांनी दोन गोष्टी केल्या. औषधाच्या दांड्यावरची साखर काढली, तेव्हा चोरी कमी झाली. उंदरांना आधी एफसी रिसेप्टर झाकणारं दुसरं प्रतिपिंड दिलं, तेव्हा औषध टी पेशींवर जास्त वेळ टिकलं आणि जास्त गाठी विरल्या. मानवी पेशींच्या प्रयोगात निव्होलुमॅबचीही अशी उचलाउचल दिसली, म्हणजे आयजीजी-४ चा ‘सौम्य’ दांडाही काही रिसेप्टरच्या तावडीतून पूर्ण सुटत नाही.

म्हणून मात्रा वाढवायची का? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने उलट दिशेने जाऊन पाहिलं. डोक्या-मानेच्या कर्करोगाचे रुग्ण आपल्याकडे तंबाखूमुळे किती आहेत हे परळच्या त्या आवारात एकदा गेलेल्याला सांगावं लागत नाही, आणि निव्होलुमॅबची पूर्ण मात्रा त्यांच्यातल्या बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची आहे. विजय पाटील, वनिता नरोन्हा, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी १५१ रुग्णांवर चाचणी घेतली. निम्म्यांना तोंडाने घ्यायची स्वस्त औषधं, निम्म्यांना तीच औषधं आणि सोबत निव्होलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. नेहमीची मात्रा २४० मिलिग्रॅम, तीही दर दोन आठवड्यांनी. वर्षभरानंतर पहिल्या गटातले १६.३ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातले ४३.४ टक्के. टी पेशींवरचं पीडी-१ झाकायला औषध फार थोडं लागतं, हे आधीपासून माहीत होतं. आता उंदरातली चोरी आणि मुंबईतले हे आकडे एकमेकांशेजारी ठेवले तर मला तरी त्यात विरोध दिसत नाही. रक्तात औषध जास्त दिवस टिकतं, टी पेशी रक्तातून गाठीत ये-जा करतात, आणि गाठीत काही दांडे पळवले गेले तरी नवे येत राहतात. मात्र पूर्ण मात्रेशी समोरासमोर तुलना त्या चाचणीत नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं.

दांडा धरला जाणं कधी वरदानही ठरतं, आणि तेही त्याच मॅक्रोफेजच्या हातून. इपिलिमुमॅब हे सीटीएलए-४ विरुद्धचं औषध २०११ मध्ये मेलॅनोमा या कातडीच्या कर्करोगासाठी आलं. तेही लगाम झाकतं अशीच कल्पना होती. २०१३ मध्ये एकाहून अधिक गटांनी उंदरांत दाखवलं की गाठीतल्या ज्या नियामक टी पेशी हल्ला दडपून ठेवतात, त्यांच्यावर सीटीएलए-४ फार दाट असतं. सीटीएलए-४ विरुद्धचं प्रतिपिंड त्यांच्यावर बसतं, मॅक्रोफेज दांडा धरून त्या पेशींचाच फडशा पाडतात, आणि वाट मोकळी होते. रिसेप्टर नसलेल्या उंदरांत औषधाचा हा परिणाम जातो. माणसांत हे खरंच घडतं का, यावर आजही वाद आहे. २०१८ मध्ये लंडनच्या गटाला व्हॅलिनवाल्या मेलॅनोमा रुग्णांत इपिलिमुमॅब अधिक चालल्याचं दिसलं, तर पुढच्याच वर्षी टेक्सासमधल्या गटाने रुग्णांच्या गाठींत नियामक पेशी कमी झालेल्या दिसत नाहीत असं छापलं. दोघांकडेही पुरावा आहे, आणि दोघांचे नमुने वेगळे आहेत.

दांडे फक्त रोगप्रतिकारक पेशीच धरतात असंही नाही. पॅरिसमधल्या संशोधकांना २००८ मध्ये पसरलेल्या मेलॅनोमाच्या काही नमुन्यांत कर्करोगाच्या पेशींच्याच अंगावर टू-बी सापडला. लिम्फोमात हे समजण्यासारखं आहे, कारण बी पेशींवर तो मुळातच असतो. साउथॅम्प्टनच्याच गटाने दाखवलं की तिथे टू-बी रिसेप्टर रिटुक्सिमॅबला धरून पेशीच्या आत ओढून घेतो आणि औषध नाहीसं होतं. पण मेलॅनोमा हा कातडीच्या रंगपेशींचा रोग. त्यांना हा रिसेप्टर बाळगण्याचं कारण काय? त्याचा उपयोग मात्र उघड आहे. फाट्यांनी चिकटलेल्या प्रतिपिंडाचा दांडा कर्करोगाची पेशीच धरून बसली, तर बाहेरून येणाऱ्या नॅचरल किलर पेशीला धरायला काही उरत नाही.

याहून अस्वस्थ करणारा प्रकार लिसा कुसेन्स यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेतून पुढे आला. त्यांच्याकडे असे उंदीर होते ज्यांच्या कातडीत विषाणूच्या जनुकांमुळे हळूहळू कर्करोग तयार होतो. बी पेशी, आणि पर्यायाने प्रतिपिंडं, नसलेल्या उंदरांत कर्करोगाची ही वाटचाल मंदावली. २०१० मध्ये त्याचं कारण कळलं: कातडीत साचलेली प्रतिपिंडं मॅक्रोफेज आणि मास्ट पेशींवरचे चेतवणारे रिसेप्टर सतत छेडत राहतात. त्या पेशी मारायचं सोडून दाह पेटता ठेवतात, रक्तवाहिन्या वाढवतात, आणि उगवत्या गाठीची सोय होते. म्हणजे ज्या चेतवणाऱ्या रिसेप्टरवर हर्सेप्टिनचा जोर उभा होता, तेच रिसेप्टर इथे उगवत्या गाठीच्या कामी आले.

आणि टू-बी? तो नेहमी आडवाच येतो का? बायोइन्व्हेंट ही स्वीडिश कंपनी साउथॅम्प्टनच्या मदतीने त्याला झाकणारं प्रतिपिंड रुग्णांत आजमावते आहे. रॅव्हेच यांनी मात्र त्याच रिसेप्टरला कामाला लावलं. डेंड्रायटिक पेशी टी पेशींना शिकवण्याचं काम करतात, आणि त्यांच्यावरचा सीडी४० हा त्यांना जागं करणारा रिसेप्टर आहे. पण एकटादुकटा सीडी४० ओढून भागत नाही, ते अनेक एकत्र ओढले जावे लागतात. २०११ मध्ये रॅव्हेच आणि फूबिंग ली यांनी दाखवलं की प्रतिपिंडाचा दांडा टू-बीने धरला तर फाट्यांवरचे सीडी४० एका ठिकाणी गोळा होतात आणि पेशी जागी होते. टू-बी इथे नुसता आधार देतो. त्याच्या ‘थांब’ या संदेशाची गरजच लागत नाही.

यावरून त्यांनी टू-बीला घट्ट बसेल असा दांडा घडवला. औषधाचं नाव २१४१-व्ही११. याआधीची सीडी४० औषधं शिरेतून दिल्यावर यकृताला त्रास, प्लेटलेट कमी होणं असे दुष्परिणाम थोड्या मात्रेतही होत. म्हणून हे औषध सुई थेट गाठीत घालून देण्यात आलं. २०२५ मध्ये पहिल्या १२ रुग्णांचे निष्कर्ष छापून आले. सहा जणांच्या गाठी लहान झाल्या, त्यांतल्या दोघांमध्ये रोगाचा मागमूस उरला नाही. या दोघांपैकी एकीला मेलॅनोमा होता आणि तिच्या पायावर व पावलावर गाठीच गाठी होत्या. इंजेक्शन दिलं ते मांडीवरच्या एकाच गाठीत, वारंवार. बाकीच्या गाठी सुई न लागताच विरल्या. दुसरीला स्तनाचा कर्करोग होता, कातडी, फुप्फुस आणि यकृतापर्यंत गेलेला, आणि तिलाही इंजेक्शन दिलं ते कातडीतल्या गाठीत. नंतर काढलेल्या नमुन्यांत डेंड्रायटिक पेशी, टी पेशी आणि बी पेशी मिळून लसिका ग्रंथीसारखी रचना गाठीतच उभी राहिलेली सापडली.

उरलेल्या सहा जणांच्या गाठी मात्र लहान झाल्या नाहीत. रोगाचा मागमूस न उरलेल्या दोघींमध्ये उपचाराआधीच ठरावीक टी पेशींच्या मोठ्या तुकड्या तयार होत्या, एवढा धागा संशोधकांच्या हाती आहे. मूत्राशय, प्रोस्टेट आणि मेंदूतला ग्लायोब्लास्टोमा यांवरच्या पुढच्या चाचण्यांत तोच धागा धरून शोध चालला आहे.